दोन दिवसांत चेहरा साफ करणारी ट्यूब

फलटणला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पिंपलची तक्रार घेऊन सहसा कुणी एकटं येत नाही. मुलगी असली तर बरोबर आई, मुलगा असला तर पोलीस भरतीची तयारी करणारे दोन मित्र. औषधाचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. मोबाइलवरचा फोटो पुढे सरकवून म्हणतात, ‘ताई, ही द्या. दोन दिवसांत जातात म्हणे.’ फोटो मोठा करून पाहावाही लागत नाही. दोन दिवसांत जातात म्हटलं की आत स्टेरॉइड आहे हे आम्ही फार्मासिस्ट ओळखतो. चिठ्ठी नसेल तर मी ती ट्यूब देत नाही. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं आहे: ‘राहू द्या, पलीकडच्या दुकानात मिळते.’

मिळते, हे खरंच आहे. माझं भांडण तिथेच आहे. अंगाला लावायच्या स्टेरॉइडच्या मलमांना पूर्वी शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, सवलत होती, म्हणून ती सर्रास हातोहात विकली जायची. 2018 साली केंद्र सरकारने ती पळवाट बंद केली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नको, असं ट्यूबवर छापलेलंही असतं. पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत, की ते मी वाचायचं की गिऱ्हाइकाने, असा प्रश्न पडावा.

ही ट्यूब लोकांना फसवते कशी, ते नीट सांगायला हवं, कारण ती फसवते म्हणूनच खपते. स्टेरॉइड सूज आणि लाली झपाट्याने दाबतं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. चेहरा उजळ दिसतो, आई खूश होते. आठवडे उलटले की कातडी पातळ होऊ लागते, गालांवर लाल रेषा उमटतात, लव वाढते आणि एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्यांचं नवं पीक येतं. लावणं थांबवलं की आग होते, चेहरा लालबुंद होतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. वांगासाठी डॉक्टर थोड्या आठवड्यांपुरतं जे मलम देतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असलेलं, ते आमच्याकडे गोरं होण्यासाठी मागितलं जातं. गजकर्णासाठी घरात आणून ठेवलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूबही बिनधास्त तोंडाला लावली जाते.

खरी औषधं आहेत, आणि चांगली आहेत. फक्त ती घाई करत नाहीत. वयात येताना हार्मोन वाढतात, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी केसाच्या मुळाशी साचून छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. आज आरशात दिसलेली पुटकुळी कातडीखाली कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. म्हणून ॲडापॅलीनसारखं औषध काम करतंय की नाही हे कळायलाच आठ ते बारा आठवडे जातात. सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो, कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. नेमकं तेव्हाच लोक ट्यूब कपाटात टाकतात. ती रात्री लावायची, वाटाण्याएवढी, आणि फक्त फोडावर नाही, सगळ्या चेहऱ्यावर. हे सांगायला मला दोन मिनिटं लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइड देताना उशीचा अभ्रा जुना घ्या म्हणून बजावते, कारण ते कापडाचा रंग उडवतं. नुसतं क्लिंडामायसिनचं जेल महिनोन्महिने लावणाऱ्यांना मात्र मी अडवते. एकटं अँटिबायोटिक वापरत राहिलं की जंतू त्याला जुमानेनासे होतात.

‘पोट साफ नाही’, ‘उष्णता वाढली’, ‘तेलकट बंद कर’, हे ऐकून मुलं कंटाळलेली असतात. वडापावला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. साखर-मैद्याचा अतिरेक आणि दूध यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, भरतीच्या पोरांच्या व्हे प्रोटीनच्या डब्याकडेही बोट दाखवलं जातं. कपाळावरच्या पुटकुळ्यांना डोक्यावरून ओघळणारं खोबरेल कारण असू शकतं, हे मात्र आईला पटत नाही. लिंबू आणि टूथपेस्टने कातडी भाजते. आपल्या सावळ्या वर्णात फोडापेक्षा मागे राहिलेला काळा डागच जास्त दिवस छळतो, आणि फोडलं-खाजवलं की तो हमखास पडतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मलम मागण्याआधी डॉक्टरकडे जावं.

सगळ्यात जास्त घाई लग्नाची असते. ‘पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत, जालीम काहीतरी द्या.’ जालीम औषध आहे, आयसोट्रेटिनॉइनची गोळी. जुनाट, गाठी होणाऱ्या पिंपलवर तिच्याइतकं प्रभावी दुसरं नाही. पण ती चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि बंद केल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. लग्न ठरलेल्या मुलीला ही गोळी काउंटरवरून हातात देणाऱ्याला मी औषधविक्रेता मानत नाही.

अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या दुकानांत येऊन या स्टेरॉइडच्या ट्यूबांची खरेदी आणि चिठ्ठ्यांचा हिशेब जुळवून पाहावा. कंपन्यांना ‘चिठ्ठीशिवाय विक्री नको’ ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापायला लावावी. त्वचेचा डॉक्टर लांब आणि महाग, ही अडचण खरी आहे. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी चालते, तिथे केसपेपर काढता येतो.

तोवर एवढं करा. घरातली ट्यूब उलटी करून मागची नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही दिसलं तर पिंपलसाठी ती चेहऱ्याला लावू नका. आणि महिनोन्महिने लावत आला असाल तर एकदम बंदही करू नका. ती ट्यूब बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.