मूत्रपिंडाची धमनी आणि कुंभाराचें गाढव

आमच्या वडील बंधूंस घरांतील सारीं लहानथोर माणसें 'अण्णा' म्हणतात. गेल्या चैत्रांत त्यांस चौऱ्याहत्तरावें वर्ष लागलें. रक्तदाबाचा विकार पंधरा वर्षांचा जुना. पण दोन गोळ्यांवर तो आटोक्यांत असे. चैत्रापासून मात्र वरचा आंकडा १७० च्या खालीं उतरेना. डॉक्टरांनीं सोनोग्राफी करविली, तींत डावें मूत्रपिंड उजव्याहून दीड सेंटिमीटरनें लहान भरलें. पुढें शिरेंतून औषध सोडून सी. टी. अँजिओग्राफी झाली, आणि डाव्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी उगमापाशींच सत्तर टक्के अरुंद झालेली तिच्या चित्रांत स्पष्ट दिसली. तेथें स्टेंट बसवावा, असा सल्ला मिळाला.

तें चित्र आमच्या ओसरीवर हातोहात फिरलें, आणि पाहतां पाहतां घरांत दोन पक्ष पडले. पुण्याहून आलेले अण्णांचे चिरंजीव म्हणाले, "दोष डोळ्यांना दिसतो आहे, मग वाट कसली पाहावयाची?" वहिनींचें म्हणणें, या वयांत मांडींतून तार घालून घेण्याचा प्रसंग टळेल तर बरा. अण्णा बराच वेळ स्वस्थ होते. शेवटीं ते आमच्याकडे वळून म्हणाले, "तूं पाठशाळेंत तर्कसंग्रह घोकलास ना? मग सांग, ही अरुंद नळी माझ्या रक्तदाबाचें कारण आहे, कीं नुसती तेथें आहे?"

प्रश्न विनोदानें विचारलेला होता, पण आमची झोंप उडाली. नैयायिकांनीं कारणाचा विचार करतांना 'अन्यथासिद्ध' म्हणून एक वर्ग सांगितला आहे. घडा होण्यापूर्वीं कुंभाराचें गाढव माती घेऊन आलेलें असतें. म्हणून तें घड्याचें कारण ठरत नाहीं, कारण माती दुसऱ्या मार्गानें आली असती तरी घडा झालाच असता. अण्णांच्या धमनींतील तो चिंचोळा भाग कुंभार कीं गाढव, हें नुसतें चित्र पाहून कळावें कसें?

आमच्या भगिनीची नात सोलापुरास एम. डी. चा अभ्यास करते. तिला आम्हीं फोन केला, आणि पुढील आठ रात्रीं त्या मुलीनें साठी उलटलेल्या मास्तरांस शिकविलें. तिनें दिलेली हकीकत आमच्या वाचकांसही उपयोगीं पडेल असें वाटतें.

१८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन या दोघांनीं मूत्रपिंडाचा अर्क सशाच्या शिरेंत सोडला, तों त्याचा रक्तदाब चढला. अर्कांतील द्रव्यास त्यांनीं 'रेनिन' असें नांव दिलें. पण पुढें तीसपस्तीस वर्षें तिकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. १९३४ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें हॅरी गोल्डब्लाट यांनीं कुत्र्यांच्या मूत्रपिंडांच्या धमन्यांवर चांदीचे लहान चिमटे बसवून त्या आवळल्या. दोन्ही बाजू आवळल्या असतां चढलेला दाब चढलेलाच राहिला. मूत्रपिंडास रक्त पुरेसें पोहोंचलें नाहीं, कीं सर्व देहांतच रक्त कमी पडलें असें जणुं त्यास वाटतें. तें रेनिन सोडतें, रेनिनमुळें रक्तांत अँजिओटेन्सिन तयार होतें, आणि तें द्रव्य सर्व शरीरांतील बारीक धमन्या आवळतें व मीठपाणी धरून ठेवावयास लावतें. या द्रव्याच्या नांवाची कथा मोठी गमतीची आहे. इंडियानापोलिस व ब्वेनोस आयरेस या दोन ठिकाणच्या संशोधकांस तें स्वतंत्रपणें सांपडलें; एकांनीं त्यास 'अँजिओटोनिन' म्हटलें, दुसऱ्यांनीं 'हायपरटेन्सिन'. बरींच वर्षें दोन्ही नांवें चाललीं, आणि १९५८ सालीं उभयतांनीं तडजोड केली: पूर्वपद एकाचें, उत्तरपद दुसऱ्याचें. समास शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस एवढी समंजस सामासिक रचना क्वचितच भेटली असेल.

येथपर्यंत सारें सरळ होतें. चिमटा आवळला कीं दाब चढतो, मग चिमटा काढला कीं दाब उतरलाच पाहिजे! १९३७ व १९३८ सालीं लहान मुलांचें एका बाजूचें रोगट मूत्रपिंड काढून टाकतांच रक्तदाब उतरल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध झालीं, आणि मूत्रपिंड काढण्याची लाटच आली. १९५६ सालीं न्यूयॉर्कचे होमर स्मिथ यांनीं अशा ५७५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हां गुण सुमारें चौथ्या हिश्श्यासच आलेला आढळला. म्हणजे बाकीच्यांचें मूत्रपिंडही गेलें आणि रक्तदाबही राहिला. पुढें १९७८ सालीं झ्यूरिक येथील ग्रुन्टझिग यांनीं मूत्रपिंडाची धमनी बारीक फुग्यानें आंतून रुंद करण्याची युक्ति प्रसिद्ध केली. मग फुग्यामागून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला. पोट उघडावयास नको, दोन दिवसांत रोगी घरीं. आणि रुंद झालेल्या धमनीचें चित्र इतकें देखणें, कीं संशय कोणास यावा?

तथापि तो कांहीं शंकेखोरांस आला. संयुक्त कुटुंबाच्या वाटण्या होतांना जशा चिठ्ठ्या टाकतात, तशी युक्ति त्यांनीं योजिली. सर्व रोग्यांस औषधें द्यावयाचीं. पण स्टेंट कोणास घालावयाचा हें डॉक्टरांच्या वा रोग्याच्या पसंतीवर न ठेवतां चिठ्ठीवर सोंपवावयाचें, व मग कांहीं वर्षें दोन्ही गटांकडे पाहावयाचें. 'ॲस्ट्रल' नांवाचा असा प्रयोग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत ८०६ रोग्यांवर झाला. त्याचा निष्कर्ष २००९ सालीं आला. ना रक्तदाबांत म्हणण्यासारखा फरक, ना मूत्रपिंडाच्या कामांत, ना आयुर्मानांत. उलट धमनी रुंद करण्याच्या खटाटोपांत २३ जणांस गंभीर अपाय झाला. त्यांपैकीं दोघे दगावले व तिघांचीं बोटें किंवा अवयव कापावे लागले. पुढें अमेरिकेच्या पुढाकारानें 'कोरल' हा ९४७ रोग्यांचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१४ सालचा. हृदयाचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणें, मृत्यु वगैरे आपत्ति स्टेंटवाल्यांत ३५.१ टक्क्यांवर आल्या आणि केवळ औषधवाल्यांत ३५.८ टक्क्यांवर. रक्तदाबाचा वरचा आंकडा स्टेंटनें उतरला तो जास्तींत जास्त दोनतीन अंकांनीं.

याचें कारण आमच्या त्या नातीनें असें सांगितलें. म्हाताऱ्या माणसाच्या धमनींत चरबीचा थर बसून ती अरुंद होते, तेव्हां तोच थर हृदयाच्या, मेंदूच्या, पायांच्या धमन्यांतही बसत असतो. मूत्रपिंडाच्या आंतल्या केसाएवढ्या वाहिन्या जुन्या रक्तदाबानें, मधुमेहानें आधींच कडक झालेल्या असतात. मोठ्या नळीचें तोंड मोकळें केलें तरी आंतलें रान वाळलें तें वाळलें. अशा देहांत ती अरुंद धमनी पुष्कळदां रोगाची खूण असते, उगम नसते.

पण येथें थांबलों तर वाचकांची दिशाभूल होईल. गाढव हें नेहमींच गाढव असतें असें नाहीं; कोठें कोठें तोच कुंभार असतो. वीस-तीस वर्षांच्या स्त्रीस एकाएकीं मोठा रक्तदाब जडला, तर धमनीच्या भिंतींतील तंतू व स्नायू यांची विकृत वाढ हें कारण असूं शकतें. तेथें नुसत्या फुग्यानें, स्टेंटवांचून, पुष्कळांस उत्तम गुण येतो. आपल्या देशांत तरुण मुलींत आणखी एक रोग आढळतो. १९०८ सालीं त्याचें वर्णन करणारे जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांच्या नांवानें तो ओळखला जातो. महाधमनीस व तिच्या फांट्यांस त्यांत सूज येते, आणि एका हाताची नाडी मंद लागते किंवा लागतच नाहीं. त्यांत आधीं सूज शमवावी लागते, धमनी रुंद करण्याचा विचार मागून. घरांतल्या मुलीची डोकेदुखी आपण "फार वाचतेस" म्हणून सोडून देतों. एकदां दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा, ही आमची सूचना गृहिणींनीं मनावर घ्यावी. वृद्धांतही फुप्फुसांत वारंवार एकाएकीं पाणी भरत असेल, किंवा दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद होऊन मूत्रपिंडाचें काम झपाट्यानें ढासळत असेल, तर स्टेंटचा विचार अवश्य करतात. 'ॲस्ट्रल'मध्यें, ज्यांना स्टेंट हवाच अशी डॉक्टरांची खात्री होती, ते रोगी घेतलेच नव्हते. त्यामुळें या प्रयोगाचा निकाल त्या लोकांस लागू करणें हाही अविचारच होय.

आम्हीं हें सारें अण्णांपुढें मांडलें व मग मूत्रपिंडाच्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं तासभर दिला. अण्णांचें उजवें मूत्रपिंड चांगलें, क्रिएटिनिन स्थिर, फुप्फुसांत कधीं पाणी नाहीं. तेव्हां औषधांनींच चालवून पाहूं, असें ते म्हणाले. अँजिओटेन्सिनला अडविणारी एक गोळी, लघवी वाढविणारी एक, धमन्या सैल करणारी एक, आणि कोलेस्टेरॉलची एक. पहिली गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आंत रक्त तपासावयास त्यांनीं बजावून सांगितलें. कारण दोन्ही धमन्या अरुंद असल्या तर त्या गोळीनें मूत्रपिंडाचें काम एकदम मंदावतें, व कधीं कधीं रोगाचा पत्ता प्रथम तेथेंच लागतो. चिरंजिवांचा चेहरा उतरला होता. बापाच्या शरीरांत दिसणारा दोष तसाच ठेवून घरीं परतणें मुलास किती जड जातें, हें आम्हांसही त्या दिवशीं कळलें. त्यांस हट्टी म्हणावयाची आमची छाती नाहीं.

अण्णांनीं सुटलेल्या दांतांबरोबरही न सोडलेली तंबाखू या वेळीं सोडली. मार्गशीर्षांतल्या तपासणींत वरचा आंकडा १३६ भरला, क्रिएटिनिन होतें तेथेंच आहे. तें चित्र चिरंजिवांनीं आमच्या कपाटांत जपून ठेवावयास दिलें आहे; दम लागला किंवा रक्ताचे आंकडे बदलूं लागले तर तें पुन्हां बाहेर काढावयाचें ठरलें आहे. अण्णांची तक्रार एवढीच, कीं वहिनींनीं लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली, आणि तेथवर त्यांचा हात पोहोंचत नाहीं.