सनद एकदाच, शिक्षणही एकदाच?

पंचवीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवणे म्हणजे त्याचा अपमान, असे आपल्या वकीलवर्गात सरसकट मानले जाते. मोटार अपघाताचे दावे चालवणारे वकील हे मत अधिकच ठासून मांडतात. त्यांचे म्हणणे असे की हे काम पुस्तकी नाहीच. ते सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात, पोलीस ठाण्यात पंचनाम्याची नक्कल मिळवताना, लोकअदालतीत विमा कंपनीच्या वकिलाशी घासाघीस करताना आणि साक्षीदाराचा उलटतपास घेताना अंगी मुरते. ज्याने शेकडो दावे चालवले त्याला व्याख्यान देणार कोण, आणि दिलेच तर त्यातून तो नवे काय घेणार?

यातले पहिले अर्धे खरे आहे. हे काम कामातूनच मुरते, यात वाद नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. सातत्याने शिकत राहण्याची सर्वांत जास्त गरज नवख्याला नसून अनुभवी वकिलाला आहे, आणि हे शिक्षण त्याच्या मर्जीवर न सोडता सनदेशी जोडले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आधी आजची स्थिती पाहू. १९६१ च्या वकील कायद्याखाली नाव नोंदवले, अखिल भारतीय वकील परीक्षा एकदा उत्तीर्ण केली, की पुढे चाळीस वर्षे शिक्षणाबद्दल कोणी काही विचारत नाही. सनदी लेखापालाला व्यवसायात राहायचे तर तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. म्हणजे अपघाताच्या दाव्यात न्यायासनावर बसलेला शिकतो, साक्षीला आलेला अस्थिरोगतज्ज्ञ शिकतो. त्या दोघांच्या मध्ये उभा राहून जखमी माणसाचे उरलेले आयुष्य रुपयांत मांडणारा वकील तेवढा शिकण्यातून मुक्त!

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप : अनुभव हाच गुरू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षे अपघाताच्या दाव्याला मुदतच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. आता ज्याने १९९५ मध्ये सनद घेतली त्या वकिलाचा विचार करा. त्याच्या २०२२ पर्यंतच्या संपूर्ण कारकिर्दीत मुदतीचा प्रश्न एकदाही आडवा आला नाही. ‘आधी जखम भरू दे, अपंगत्वाचा दाखला निघू दे, मग दावा टाकू’ हा सल्ला त्याने मनापासून दिला आणि तो दर वेळी बरोबर ठरला. तोच सल्ला २०२२ नंतर अशिलाचा दावा बुडवू शकतो. या तरतुदीच्या वैधतेला आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणता शहाणा वकील अशिलाला थांबायला सांगेल? इथे नवशिका वाचतो, कारण त्याने नवाच कायदा वाचलेला असतो. फसतो तो अनुभवी, आणि फसवतो त्याला त्याचाच अनुभव.

डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न तपासून पाहिला गेला आहे. अनुभवाची वर्षे आणि उपचारांचा दर्जा यांचा संबंध शोधणाऱ्या ६२ अभ्यासांचा आढावा ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत वर्षे वाढतात तसा दर्जा घसरताना दिसला. वकिलीला तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘वर्षे वाढली की कौशल्य आपोआप वाढते’ हे गृहीतक तेवढ्यानेही डळमळते. शिवाय रोगी बरा झाला की नाही हे डॉक्टरला निदान कळते तरी. तडजोडीत संपलेल्या दाव्यात आपण अशिलाचे किती पैसे सोडून दिले, हे वकिलाला कधीच कळत नाही. अशील पाया पडून जातो आणि वकील ते यशाच्या खात्यात मांडतो. जिथे चूक दिसतच नाही तिथे अनुभव चूक सुधारत नाही, ती फक्त पक्की करतो.

दुसरा आक्षेप : निवाडे आम्ही वाचतोच, रोज सकाळी मोबाइलवर येतात. येतात खरे. पण निवाडा माहीत असणे आणि त्याप्रमाणे पुरावा उभा करणे यांत मोठे अंतर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता बुडाल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते; सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसतो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठीही भविष्यातली उत्पन्नवाढ धरली. चाळिशीच्या आतल्याला ती ४० टक्के. २०२० मध्ये हीच वाढ जखमींच्या दाव्यांतही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, बत्तीस वर्षांचा वेल्डर आहे, महिना १५,००० रुपये कमावतो, उजव्या हाताला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६. जुन्या सवयीचा वकील दाखल्यावरची टक्केवारी उचलतो : वर्षाचे १,८०,००० गुणिले १६, त्याचे ४० टक्के, म्हणजे ११,५२,००० रुपये. आता दुसरा वकील डॉक्टरला साक्षीला बोलावतो आणि विचारतो, ‘या पकडीने माणूस वेल्डिंगची टॉर्च किती वेळ धरू शकेल?’ पाठोपाठ वर्कशॉपच्या मालकाची साक्ष नोंदवतो. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाने कमाईच्या क्षमतेचे नुकसान ८० टक्के मानले आणि ४० टक्के उत्पन्नवाढ धरली, तर रक्कम ३२,२५,६०० रुपये होते. कायदा तोच, जखम तीच, दाखलाही तोच. फरक वीस लाखांहून जास्त. तो निवाडा वाचल्याने पडत नाही, डॉक्टरला विचारलेल्या प्रश्नाने पडतो. आणि प्रश्न विचारायची कला मोबाइलवर येत नाही.

यावर तिसरा आक्षेप येतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे ‘न्याय्य भरपाई’ ठरवणे हे न्यायाधिकरणाचेच कर्तव्य आहे, मागितल्यापेक्षा जास्तही देता येते. खरे आहे. पण देणार कशाच्या आधारावर? २०२० मध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सांभाळासाठी लागणाऱ्या माणसांचा खर्चही गुणक लावून काढला आणि भरपाई सुमारे पावणेसव्वीस लाखांवरून ६२ लाखांच्या पुढे नेली. अपघात झाला होता २००७ साली. त्या मुलीला न्याय मिळाला. पण तिथवर पोचायला बारा वर्षांहून जास्त काळ गेला, आणि दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद किती कुटुंबांत असते? बाकीच्यांचे नशीब जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदवलेल्या चार पानी साक्षीतच ठरते. त्या साक्षीत नसलेले न्यायाधीश कुठून आणणार?

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मी आदराने घेतो. सक्ती केली की शिक्षणाचे हजेरीपत्रक होते. हॉटेलच्या हॉलमध्ये सत्कार, दीपप्रज्वलन, दोन भाषणे, जेवण आणि प्रमाणपत्र. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्ये वकिलांना सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि पुढे बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली. न्यूयॉर्कमध्ये मुरलेल्या वकिलालाही दोन वर्षांत २४ तास भरावे लागतात. तास भरणे आणि शिकणे एकच नव्हे, ही तक्रार तिथेही जुनीच आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट होती. तिथल्या नियामकाने नोव्हेंबर २०१६ पासून ती रद्दच केली.

पण इंग्लंडचा दाखला देणारे पुढचे पान वाचत नाहीत. तिथे तास गेले, जबाबदारी गेली नाही. आपल्या कामात कुठे उणे आहे ते सॉलिसिटरने स्वतः तपासायचे, ते भरून काढायला काय केले त्याची नोंद ठेवायची आणि तसे दरवर्षी लिहून द्यायचे, अशी व्यवस्था आली. म्हणजे बाद झाली ती मोजपट्टी. शिकण्याचे बंधन कायम राहिले. वाईट शिक्षणावरचा उपाय चांगले शिक्षण हा आहे. शून्य शिक्षण हा उपाय कसा होऊ शकतो?

तालुक्याच्या वकिलाला वेळ आणि पैसा परवडणार नाही, हा शेवटचा आक्षेप. मुंबईच्या हॉटेलात शिबिरे भरवली तर तो रास्तच आहे. तालुक्याच्या बार रूममध्ये, न्यायालयाच्या सुट्टीत, मराठीतून आणि वकील संघाच्या खर्चाने ती भरवली तर त्या आक्षेपात काही उरत नाही.

आता हे शिक्षण कसे असावे ते सांगतो. केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे सोपे असते.

पहिली गोष्ट, अनुभवी वकिलासाठी व्याख्यान पूर्ण बंद. त्याने उभे राहून करून दाखवायचे आणि इतरांनी ते तपासायचे. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रायल अ‍ॅडव्होकसी या संस्थेने १९७१ पासून हीच पद्धत रुजवली : वकील उलटतपास घेतो आणि त्याची चूक तिथल्या तिथे दाखवली जाते. सिल्कवूड खटल्याने गाजलेले तिथलेच वकील जेरी स्पेन्स यांनी १९९४ मध्ये वायोमिंगच्या रानात वकिलांसाठी कॉलेज काढले, तिथेही भर करून दाखवण्यावरच होता. आपल्याकडे त्यासाठी रान नको, जिल्हा रुग्णालयातला अस्थिरोगतज्ज्ञ पुरे. त्याला खुर्चीत बसवा, समोर खरा एक्स-रे ठेवा आणि वीस वर्षांच्या वकिलाला वीस मिनिटे द्या. मुरलेला गवई रियाज सोडत नाही, तो सूर विसरतो म्हणून नव्हे. आपला कान आपल्याच गळ्याला सरावतो हे त्याला माहीत असते म्हणून.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या संपलेल्या प्रकरणांची फेरतपासणी. प्रत्येकाने आपल्या तीन जुन्या फायली पक्षकारांची नावे झाकून आणाव्यात आणि आजच्या कायद्याप्रमाणे हिशेब पुन्हा मांडावा. तडजोडीत दडलेली चूक बाहेर काढायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

तिसरी गोष्ट, दोन्ही बाजूंचे वकील एकत्र बसवावेत. विमा कंपनीचा वकील दावेदाराच्या कागदांत पहिले भगदाड कुठे शोधतो, हे त्याच्याइतके चांगले कोण सांगेल?

चौथी, कायद्याचा बदललेला नकाशा. २०२२ च्या मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा आहे, आणि न्यायाधिकरणाने पोलिसांचा अहवालच दावा मानायचा आहे. म्हणजे वकिलाचे काम आता पोलीस ठाण्यातच सुरू होते. सीसीटीव्हीचे चित्रण दाखल करायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खोतकर प्रकरणाने २०२० मध्येच दाखवून दिले आहे.

आणि पाचवी, जिच्यावर बोलायला सगळे कचरतात ती फी. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. अपघाताच्या दाव्यांत टक्केवारी कशी चालते, हे न्यायालयाच्या आवारात कोणाला सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्यावर भर दिला, तो उगाच नाही. नीतीचा हा धडा ज्युनिअरला देऊन उपयोग नाही. तो सिनिअरचे पाहूनच वागतो.

हे सगळे मर्जीवर का सोडू नये? कारण स्वतःहून येतात ते आधीच शिकत असतात. ज्यांना गरज आहे ते येत नाहीत, आणि त्याची किंमत ते स्वतः मोजत नाहीत, त्यांचे अशील मोजतात. ‘अशिलाने चांगला वकील निवडावा’ हे बाजाराचे उत्तर इथे क्रूर आहे. पायात रॉड घातलेला माणूस खाटेवरून वकील निवडतो, तोही नातेवाइकाच्या ओळखीने, आणि आयुष्यात एकदाच.

अधिकाराचा प्रश्नही आता सुटल्यासारखा आहे. वकील परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार घटनापीठाने २०२३ मध्ये मान्य केला. दारात परीक्षा घेता येत असेल, तर आत आल्यावर पाच वर्षांतून एकदा काम तपासायला काय हरकत आहे? महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलने सुरुवात अपघात दाव्यांपासून करावी, कारण इथे चुकीची किंमत रुपयांत मोजता येते. पंधरा वर्षांहून जास्त वकिली झालेल्या प्रत्येकाला पाच वर्षांत दोन उलटतपास करून दाखवणे आणि तीन जुन्या फायलींचा फेरहिशेब मांडणे बंधनकारक करावे. हजेरीला गुण नकोत, कामाला द्यावेत. आणि तपासायला वरिष्ठ वकीलच बसवावेत, म्हणजे ‘मला कोण शिकवणार’ या प्रश्नाला ‘तुमच्याच बरोबरीचा’ हे उत्तर मिळेल.