मोठ्यांचे पाणी, लहानांचे पाणी



आमच्या भवानी पेठेतला एक मुलगा प्रवासी जहाजावर कामाला आहे. परवा तो सुट्टीवर आला आणि गल्लीतल्या पोरांना मोबाईलवर फोटो दाखवत बसला. जहाजाच्या गच्चीवर निळाशार तलाव, बाजूला आरामखुर्च्या आणि एक पाटी. पाटीवर काय आहे, असे पोरांनी विचारले. तो म्हणाला, "लहान मुलांना आत प्रवेश नाही." शेजारी सुपात विड्या वळत बसलेल्या आजींनी मान वर केली. "म्हणजे तितं बी पाण्यावर बंदीच हाय का रे बाबा?"

सगळे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या हजारो माणसांसह त्या तळ्यावर जावे लागले. कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ साली लागला. मुंबईच्या ब्रीच कँडीच्या पोहण्याच्या तलावावर तर स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे भारतीयांना मज्जाव होता. पाण्याजवळ पाटी दिसली की आमच्या आजी दचकतात, त्याला असे कारण आहे.

तरीही जहाजावरची पाटी त्या जातीची नाही, असे आमचे मत झाले. तिथे वयाची अट असते. काही कंपन्यांत १६ वर्षे, काहींत १८, तर कार्निव्हल कंपनीच्या 'सेरेनिटी' नावाच्या जागेत २१. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची 'अर्केडिया' आणि 'अरोरा' ही अख्खी जहाजेच प्रौढांसाठी आहेत. वर्षभर राबून चार दिवस निवांत पडावे असे म्हाताऱ्या जोडप्यांना वाटले, तर त्यात वावगे काय? बारा वर्षांचा पोरगा काही वर्षांनी त्याच दारातून ताठ मानेने आत जाईल. जात मात्र वाढदिवसाला बदलत नाही.

अट एकच, की मुलांना त्यांचे स्वतःचे पाणी हवे आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूसही हवा. जहाजांवर मुलांचे वेगळे तलाव असतात, पण अनेक जहाजांवर वर्षानुवर्षे जीवरक्षकच नसत. रॉयल कॅरिबियनसारख्या बड्या कंपनीने ते २०१७ साली नेमायला घेतले. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गुपचूप खाली जाते, चार हातांवर माणसे बसलेली असली तरी.

(त्या मुलाला आम्ही विचारले, "तू पोहतोस का रे त्या तलावात?" तो म्हणाला, "काका, कामगारांना प्रवाशांच्या तलावात उतरता येत नाही." यावर पुन्हा कधीतरी लिहू.)

आता आपल्या दाराशी येऊ. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली पाच पोरे शहरातल्या एका तलावावर गेली. तिथे सांगण्यात आले, पालकाला घेऊन या. नियम बरोबरच आहे. पण बाप पॉवरलूमवर बारा तासांच्या पाळीला, आई विड्यांची हजेरी पुरी करण्यात गुंतलेली. पोरे परत फिरली आणि पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावाबाहेरच्या विहिरीवर गेली. डब्याची दोरी सुटली. मोटार चालू करायला आलेल्या शेतकऱ्याने उडी टाकली म्हणून पोरगा वाचला. संध्याकाळी त्याला घरी मार बसला. आमच्या मते तो मार आम्हा मोठ्यांनाच बसायला हवा होता.

म्हणून आम्ही चौघांनी रविवार वाटून घेतले आहेत. पालकांकडून चिठ्ठी लिहून घ्यायची, पोरांना तलावावर न्यायचे आणि ती बाहेर येईपर्यंत काठावर बसायचे. पेपर वाचायचा नाही, मोबाईल खिशात. चिठ्ठी चालेल का, हे तलावावर आधीच विचारून घेतले आहे. फीचे पैसे ज्याला जमतील त्याने द्यावेत, उरलेले आम्ही बघू.

पहिल्या यादीत सगळे मुलगेच होते. आजींनी ती वाचून घेतली आणि नातीचे नाव घालायला लावले. पोहण्याचा पोशाख कसा असावा, यावरून त्यांच्या घरात सध्या रोज भांडण चालू आहे. नाव मात्र यादीत आहे.