व्हरांड्यातील ख्रिस्तसभा

तिरोड्यासारख्या धानाच्या मुलखात आपली घरे मोजकीच. तरीही मिस्सा चालू असता तान्हे रडले, की माना वळतात आणि आई निमूटपणे व्हरांडा गाठते. लेकरांना आणणाऱ्यांना शिष्यांनीही असेच दटावले होते. प्रभू रागावला तो शिष्यांवर!

‘मुले ही उद्याची ख्रिस्तसभा’ हे आपले लाडके वचन मुळातच चुकीचे आहे. स्नानसंस्काराने बालक आजच ख्रिस्तसभेचे अंग होते. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकारासाठी साधारण सातवे वर्ष पुरेसे ठरविले, ते उगाच नव्हे.

‘पण शांतता भंगते त्याचे काय?’ मुलांच्या मिस्सेसंबंधी रोमने १९७३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत याचे उत्तर आहे. तान्ह्यांना धर्मग्रामातील साहाय्यकांनी सांभाळावे, अखेरच्या आशीर्वादाला आत आणावे; थोरांच्या मिस्सेतही मुलांशी थेट बोलावे, त्यांच्या हातून अर्पणे वेदीपर्यंत आणवावीत. आईची हकालपट्टी त्यात कोठेही नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, तान्ह्याला आळीपाळीने कडेवर घ्या, सात वर्षांच्या मुलाच्या हाती अर्पण द्या, चौदा वर्षांच्या मुलीला वाचन द्या. आज ज्यांना व्हरांड्यात ठेवाल, त्यांना उद्या कोणत्या तोंडाने आत बोलावणार?