डक म्हणजे बदक? सॉरी!

माझ्या पहिल्या नोकरीतला सगळ्यात मोठा लोचा एका बदकाने केला. कुठल्याशा फूड फेस्टिव्हलची इंग्रजी प्रेस नोट, डोक्यावर डेडलाइन, मेन्यूत ‘बॉम्बे डक फ्राय’. मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘कुरकुरीत मुंबई बदक’. आणि ते छापून आलं!

सकाळी आईचा फोन. ‘‘अगं, दर रविवारी हादडतेस ते बोंबील आठवले नाहीत का तुला?’’

या नावाची एक फेमस स्टोरी आहे. म्हणे सुके बोंबील ‘बॉम्बे डाक’ गाडीने जायचे, डब्यांना वास लागायचा, म्हणून डाकचं डक झालं. स्टोरी झकास, पण आपल्याकडे पहिली पॅसेंजर ट्रेन धावली १८५३ मध्ये, आणि हे नाव त्याच्या आधीच इंग्रजीत छापून आलेलं होतं. त्यामुळे हा फंडा बाद.

तेव्हापासून हा शब्द माझा पिच्छाच सोडत नाही. क्रिकेटमधला डक हे खरं तर बदकाचं अंडं, म्हणजे स्कोअरबुकातलं गोल शून्य. ब्रॅडमनसारख्या ब्रॅडमनलाही ते चुकलं नाही. १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या कसोटीत अ‍ॅव्हरेज शंभर व्हायला फक्त चार रन हव्या होत्या. एरिक हॉलिजच्या दुसऱ्याच बॉलवर दांडी गुल! अ‍ॅव्हरेज अडकलं ९९.९४ वर. (आपण उगाच अप्रेझलमधल्या अर्ध्या पॉइंटसाठी रडतो.)

‘लेम डक’ आला लंडनच्या शेअर बाजारातून. अठराव्या शतकात देणी बुडवणाऱ्याला तिथे असं म्हणायचे. आता निवडणूक झाल्यावर खुर्ची सोडायची वाट बघणारा अमेरिकन प्रेसिडेंट लेम डक असतो. माझ्या मते नोटीस पीरियडवाला प्रत्येकजणसुद्धा. मीटिंगला बोलावतात, पण विचारत कोणी नाही.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ‘डक’ हे मुळात पक्ष्याचं नावच नव्हे. जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ बुडी मारणं. पाण्यात डोकं खुपसतं म्हणून ते बदक ‘डक’ झालं. बाउन्सर आला की बॅट्समन करतो ते डकही त्यातलंच.

आणि त्या दिवशी मी केलं तेही. संपादकांनी विचारलं, ‘‘हे बदक कोणाचं?’’ मी म्हटलं, ‘‘सर, मी बोंबीलच लिहिलं होतं. डेस्कवर कोणीतरी बदललं असेल.’’ डेस्कवर त्या रात्री एकच सब-एडिटर होता. मेमो त्याला मिळाला. तो एक शब्द बोलला नाही, आणि मीही.

मागच्या आठवड्यात शेवटी त्याला फोन केला. एवढ्या वर्षांनी! सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘‘माहीत होतं गं. पण कॉपी शेवटी मीच पास केली होती ना?’’

रविवारी जेवायला येतोय. आईला आत्ताच बोंबील आणायला सांगितलेत.