चिमणराव घुग्घुसला का कळतात?

विनोदाचे आयुष्य अल्प असते, ही समजूत सामान्यतः खरीच आहे. कालच्या निवडणुकीवरील कोटी आज समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितलेल्या कोटीला हसतो तो केवळ शिष्टाचार म्हणून. असे असता बी. बी. सी. ने १९६८ ते १९७७ या काळात दाखविलेली ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका इंग्लंडमध्ये अर्धशतक उलटल्यावरही आवडीने पाहिली जाते, आणि चिं. वि. जोशी यांनी १९३० च्या दशकात वाचकांसमोर आणलेले चिमणराव मराठी माणसाला अद्याप हसवितात, हे कसे? चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुससारख्या कोळशाच्या गावानेही या प्रश्नाचा विचार करावा असे त्यात बरेच आहे.

‘डॅड्स आर्मी’ची कथा दुसऱ्या महायुद्धातील. जर्मन स्वारीच्या धास्तीने गावोगाव उभारलेल्या होमगार्ड दलात भरती झालेले वयस्क नागरिक हे तिचे नायक. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः पोरवयात त्या दलात होते. समुद्रकाठच्या एका काल्पनिक गावातील बँकेचा व्यवस्थापक मॅनरिंग दलाचा कप्तान होतो. खाटीक, दुकानदार, बँकेतला पोरसवदा कारकून हे त्याचे शिपाई. बँकेत त्याच्या हाताखाली असलेला विल्सन येथेही त्याच्या हाताखालीच असतो. परंतु विल्सन खानदानी घरातला, बड्या शाळेत शिकलेला. साहेब मात्र साध्या शाळेतून कष्टाने वर आलेला. ही सल साहेबाला जन्मभर टोचते. कचेरीत चार वर्षे काढलेल्या कोणालाही ती कळावयास इंग्रजी यावे लागत नाही. एका भागात पकडलेला जर्मन अधिकारी, आपल्याला हिणविणाऱ्या पोराचे नाव यादीत टिपण्यासाठी विचारतो. ते सांगू नकोस, असे पोराला दरडावताना कप्तान स्वतःच त्याचे नाव उच्चारून बसतो. हा विनोद शब्दांचा नव्हे, त्या माणसाच्या स्वभावाचा आहे. आणि तोच बढाईखोर मॅनरिंग खरा धोका समोर येताच सर्वांच्या पुढे उभा राहतो, म्हणून हसणारा प्रेक्षक त्याला कधी तुच्छ लेखत नाही.

चिमणरावांची जातकुळी हीच. पगार बेताचा, प्रतिष्ठेची हौस दांडगी, अंगात बळ नाही आणि जिभेला विसावा नाही. शेजारी धिप्पाड, रोखठोक गुंड्याभाऊ. मास्टर विनायकांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात ही जोडी पडद्यावर आणली, तेव्हा दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती रंगविली होती. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी मुंबई दूरदर्शनवर ती घरोघर पोहोचविली. घरोघर म्हणजे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, हे सांगितलेच पाहिजे. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या लहरी वर्धा नदीपर्यंत येत नव्हत्या. राज्यातील या पहिल्या मोठ्या घरगुती विनोदी मालिकेची या भागाला निव्वळ कीर्तीच ऐकावी लागली. तरीही ग्रंथालयातील जीर्ण प्रतीतून चिमणराव येथल्या मास्तरांना आणि कारकुनांना भेटलेच. पुण्यातल्या घरातली फजिती भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गावाला परकी वाटली नाही.

मग घुग्घुसचे स्वतःचे चिमणराव कोठे आहेत? सामग्री तर उदंड आहे. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, त्यांच्यामागे आलेले तेलुगू आणि हिंदी भाषिक कामगार, मूळचे मराठी व गोंड रहिवासी, आणि अलीकडे ग्रामपंचायतीची झालेली नगरपरिषद. खाण कामगाराचे नाव हजेरीपटावर एक, सेवापुस्तकात दुसरे आणि बँकेत तिसरे, असे असले म्हणजे निवृत्तिवेतनासाठी आपण आपणच आहोत हे त्याला शपथेवर सिद्ध करावे लागते. यात जेवढे हसू आहे तेवढीच आच आहे. उत्तम घरगुती विनोदाला याहून अधिक काय हवे?

विनोद येथे पिकत नाही असेही नव्हे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके चालतात, वडसा हे त्यांचे मोठे केंद्र. आणि त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण मुंबईच्या दूरचित्रवाणीला हा प्रदेश आठवतो तो वाघ, नक्षलवाद आणि उन्हाळा यांपुरता. मालिकेत वैदर्भीय पात्र आलेच तर बहुधा त्याच्या बोलीला हसण्यासाठी.

येथे सावधगिरी हवी. १९७७ साली सुरू झालेल्या ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेत नाना देशांचे लोक इंग्रजी शिकावयास येतात. ती भारतातही लोकप्रिय झाली, तिच्यावरून हिंदीत ‘जबान संभाल के’ आली. परंतु तिच्यातील हसू बव्हंशी परक्याच्या उच्चारांचे आणि राष्ट्राराष्ट्रांच्या ठराविक साच्यांचे होते, आणि त्याबद्दल तिला बोल लागला तो अयोग्य नव्हता. घुग्घुसच्या तेलुगू शेजाऱ्याच्या मराठीला हसविणे सोपे आहे; त्याच्या मुलाच्या लग्नात मानपानावरून रुसून बसलेल्या मराठी बाबूला हसविणे अवघड, पण पुढच्या पिढीलाही पाहावेसे वाटेल ते हेच.

हे काम फार काळ लांबविता येणार नाही. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा कामावर असलेली पिढी केव्हाच निवृत्त झाली. कित्येक जण आपापल्या मुलखी परतले. बी. बी. सी. ने जुन्या फिती पुसल्या आणि ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या मालेतील तीन भाग शोध घेऊनही अद्याप मिळालेले नाहीत. येथल्या हकिकती तर अजून कागदावरही उतरलेल्या नाहीत. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वही देऊन या निवृत्तांच्या ओसरीवर पाठवावे. नाटककार झाडीपट्टीत आहेतच.