भुशाचा हिशेब

स्केटबोर्ड हा रहिमतपूरच्या मुलांचा खेळ नव्हे, असे म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये तो आला, २०२२ साली गुजरातेतल्या राष्ट्रीय स्पर्धांतही खेळला गेला. माझा मुद्दा चाकांवरच्या फळीचा आहे. ती गावातच बनवावी, आणि तिला लागणारे लाकडाचे पापुद्रेही घरीच कापावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही फळी अखंड लाकडाची नसते. मेपल या कठीण लाकडाचे सात पापुद्रे, प्रत्येकी सुमारे १.५ मि.मी. जाडीचे, सरस लावून साच्यात दाबतात. बहुतेकांच्या रेषा लांबीकडे धावतात, एकदोघांच्या आडव्या; म्हणून फळी उडी झेलते, पण चिरत नाही. कारखान्यात वाफेने मऊ केलेला ओंडका लांब सुरीवर फिरवून कागदाच्या गुंडाळीसारखा उलगडतात. भुसा पडतच नाही.

आपल्याकडे सुरी नाही, करवत आहे. तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असल्यामुळे चीरही साधारण १.५ मि.मी.चीच पडते. म्हणजे जेवढे लाकूड फळीत, तेवढेच भुशात! अर्थशास्त्राचे मित्र इथेच हसतात आणि बाजारातले प्लायवूड आणायला सांगतात. पण कपाटासाठी केलेले ते प्लायवूड सपाट असते. फळीच्या दोन्ही टोकांना वर वळण हवे, आणि ते सरस ओला असतानाच साच्यात बसते.

मेपल आपल्या रानात नाही, बाभूळ आहे. बैलगाडीची चाके तिचीच होत. पुढे गाड्यांना रबरी टायर आले आणि चाके घडवणारे हात दारे-खिडक्यांकडे वळले. आमच्या आळीतले सुतारकाका अजून बाभळीचा तुकडा आधी टोकाकडून न्याहाळतात, रेषा कुठे पळते ते सांगतात, मगच करवत उचलतात. चारी बाजूंनी खूण ओढून, तुकडा पुन्हा पुन्हा उलटत ते कापतात. घाई केली की करवत आत वाकते, आणि पापुद्रा एका टोकाला जाड, दुसऱ्याला पारदर्शक! "दोन मिलिमीटरच्या खाली मी हाताने जात नाही," असे ते म्हणतात. म्हणून सातांऐवजी पाच पापुद्रे घ्यावेत. फळीत १० मि.मी. लाकूड जाते, भुशात ७.५. जाड पापुद्रा वळायला कुरकुरतो, पण गरम पाण्यात भिजवून आधी साच्यातच सुकू दिला की ऐकतो.

आता आपल्याविषयी. आपण कला शाखेचे विद्यार्थी. वसंत कानेटकर १९२० साली याच गावात जन्मले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवे. पण रंगमंचाचा सेट उभा करणाऱ्या सुताराचे नाव कुणी विचारले आहे काय? लोककलांवर निबंध लिहिणाऱ्या आमच्यापैकी किती जणांना रंधा धरता येतो? २०२० च्या शैक्षणिक धोरणाने हातांच्या व्यवसायांना अभ्यासक्रमात जागा देऊ केली आहे. तेव्हा काकांच्या छपरीत एक सत्र शिकण्याचे गुण मिळावेत, आणि काकांना शिक्षक म्हणून मानधन मिळावे. चहा पाजून भागवू नये.

काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यांच्यानंतर ही छपरी उघडणारे कुणी नाही. म्हणून ही मागणी पुढच्या वर्षाची नव्हे, या वर्षाची आहे.

माझे दोन पापुद्रे माळ्यावर वजनाखाली सुकत आहेत. तीन कापायचे राहिले आहेत, आणि बाभळीने करवतीचे दात बोथट केले आहेत.